बोटीवर कोण कुठे झोपणार (आई-बाबांना पत्र)

आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहून पाठवतेय. आईचं म्हणणं, आपण चौघंच आहोत, जावयाला सुट्टी नाही, तर एकच चार बेडची खोली घे, उगीच दोन खोल्यांचे पैसे कशाला. पैशाचं तुझं बरोबर आहे आई, क्रूझला भाडं खोलीतल्या पहिल्या दोघांवर धरलेलं असतं आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाला बऱ्यापैकी कमी पडतं. पण तो तिसरा-चौथा माणूस झोपतो कुठे हे बघितलंस की तूच नको म्हणशील.

वेबसाइटवरच्या फोटोंवर जाऊ नका. फोटोत नेहमी मोठा डबल बेड, त्यावर टॉवेलचा केलेला हंस, आणि खोली हॉलएवढी दिसते कारण फोटो दाराला पाठ टेकून काढलेला असतो. आपली एम्प्रेस 1990 सालची बोट, फ्रान्समध्ये सां-नाझेरला बांधलेली, आधी अमेरिकेकडे फिरायची, 2021 पासून मुंबईहून गोव्याला वगैरे जाते. त्या काळच्या बोटींवर खोल्या लहानच ठेवायचे, माणसाने दिवसभर वर हिंडावं खावं आणि खाली फक्त झोपायला यावं असा हिशोब. आपल्या बजेटमधली बिनखिडकीची खोली बाथरूम धरून सव्वाशे स्क्वेअर फुटांच्या आसपास भरते. बाल्कनी वरच्या महागड्या सुइटलाच आहे, तो विषय सोडा.

एवढ्या जागेत चार बेड म्हणजे खाली दोन आणि वर भिंतीतून किंवा छतातून उघडणारे दोन, शिडी लावून चढायचे. बाबा, हे तुमच्याच खात्यातलं आहे, थ्री टियरमधला अप्पर बर्थ समजा. त्याला पुलमन बेड म्हणतात, आणि तो पुलमनही रेल्वेवालाच, 1860च्या दशकात अमेरिकेत झोपायचे डबे बांधणारा, दिवसा वर दुमडून ठेवायचा बर्थ त्याच्या डब्यांमुळेच प्रसिद्ध झाला. दिवसा दुमडलेला असतो तेव्हा खोली छान मोकळी वाटते, पण रात्री रूमचं बघणारा मुलगा येऊन तो खाली काढून गेला की खालच्याला ताठ बसता येत नाही, आणि शिडी नेमकी बाथरूमच्या वाटेत येते. आता रात्री दोन वाजता कोण उठतं आपल्याकडे? बाबा, तेही दोनदा, दिवा न लावता, गुडघा धरून. आणि वर झोपणार कोण तर मी आणि माझा चिनू, म्हणजे रात्रभर मला खाली कान लावून पडायचं. नको.

म्हणून दोन खोल्या, शेजारशेजारच्या. दोन खोल्यांना मधून दार असतं तशा पण मिळतात, पण त्या दारातून आवाज येतो आणि बाबांचा टीव्ही चिनूला पाठ होईल, त्यामुळे मी नको म्हटलं. माझ्या खोलीत चिनू वर झोपेल, तो नऊ वर्षांचा आहे, त्याची आत्तापासूनच स्वप्नं चालू आहेत. तुमच्या खोलीत वरचं काही उघडायचंच नाही.

एजंट अजून स्वस्तातलं एक सांगत होता, त्यात नुसता प्रकार ठरवायचा, आतली किंवा खिडकीची, आणि खोली नंबर कंपनी नंतर देते. एकट्यादुकट्याला ठीक आहे पण आपल्याला कोणता मजला, बेड कसे, शेजारी खोली मिळणार का, काहीच हातात राहत नाही, मग स्वस्त होऊन उपयोग काय. मी डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडून बसले होते, त्यात खोल्यांवर बारीक बारीक खुणा असतात आणि त्यांचा अर्थ एका कोपऱ्यात छापलेला असतो, कुठे तिसरा बेड वरचा आहे, कुठे सोफा उघडतो, कुठे मधलं दार आहे. खालच्या मजल्यावर बोटीच्या मधोमध खोली मागितलीय कारण तिथे हलणं सगळ्यात कमी, पुढच्या टोकाला जास्त. आणि आपल्या वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील असं बघितलंय, नाहीतर डोक्यावर डीजे.

एक गंमत, खोलीत चार बेड असले तरी कधीकधी सिस्टीम तिसरं नाव घेतच नाही. त्या भागातल्या लोकांना नेमून दिलेल्या लाइफबोटी भरल्या की बेड रिकामा असला तरी विकत नाहीत. हे मला आवडलं खरं तर. आई, तू लहानपणी वेंगुर्ल्याला कोकण सेवक बोटीने जायचीस तेव्हा डेकवर जिथे वळकटी पसरली तिथे झोप, तेव्हा कोण विचारत होतं.

आता खरा प्रश्न, आणि तो तुम्हालाच विचारला पाहिजे. तुमच्या खोलीतले दोन बेड जोडून डबल करून देतात किंवा वेगळे ठेवतात, बुकिंग करतानाच सांगायचं असतं. जोडून की वेगळे? मला माहितीये की घोरण्यामुळे आई गेली कित्येक वर्षं हॉलमधल्या दिवाणावर झोपते आणि पाहुण्यांना सांगते की तिथे वारा चांगला लागतो. बोटीवर हॉल नाहीये. माझं मत विचाराल तर वेगळे घ्या, जोडले की मधे फट राहते, त्यात कायम एकाची कंबर जाते, आणि भिंतीकडच्याला उतरायला नीट जागा मिळत नाही. वेगळे असले की दोघांना आपापल्या बाजूने उठता येतं, चष्मा-गोळ्या हाताशी राहतात, आणि बॅगा बेडखाली सरकवता येतात. बाबांनी बाथरूमकडचा घ्यावा. बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, पाय उचलून टाकायचा, आणि आतल्या खोलीत दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही इतका काळोख, म्हणून बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा. व्हीलचेअरवाल्यांच्या खोल्या मोठ्या आणि बिनउंबऱ्याच्या असतात, पण त्या ज्यांना खरंच लागतात त्यांच्यासाठी, आणि तसं मी सुचवलं असतं तर बाबा बोटीवर चढलेच नसते.

तर शुक्रवारपर्यंत कळवा, दोघांनी आपसात बोलून, आई तू एकटीने ठरवून नको, कारण नंतर बदल सांगितले की एजंटचं तोंड वाकडं होतं. आधार कार्डाचे फोटो पुन्हा पाठवा, बाबांच्या कार्डावर जन्मतारीख दिसत नाहीये, अंगठा आलाय त्यावर. आणि इस्त्री बॅगेत घालू नकोस आई, चेकिंगला काढून घेतात.

तुमची,
मनू