पोटमाळ्यावरची आई

पुणे, रविवार दुपार

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू पटकन म्हणालीस, "पण मुलांना टाकून पळालीच कशी गं ती?" मला तेव्हा काही सुचलं नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून फोन ठेवला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र.

गुलामीतून पळालेल्या त्या अमेरिकन हॅरिएट जेकब्जला हे विचारणारी तू पहिली नाहीस. तिची सख्खी आजीच तिला म्हणाली होती, मुलांना सोडून जाणाऱ्या आईला कुणी मान देत नाही. ही आजी मॉली, नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टन गावची. रात्र रात्र जागून बिस्किटं भाजायची, विकायची. पै पै करून ३०० डॉलर साठवले, ते मालकिणीने उसने घेतले आणि बुडवले. गुलामाला दिलेला शब्द कायद्यापुढे शब्दच नव्हता. हा ३०० चा आकडा लक्षात ठेव.

हॅरिएटचा जन्म १८१३ चा. ती वयात येण्याआधीच तिची मालकीण वारली, आणि मृत्युपत्रानुसार ही पोरगी गेली कुणाकडे, तर तीन वर्षांच्या भाचीकडे! म्हणजे खरा धनी त्या भाचीचा बाप, डॉ. जेम्स नॉरकॉम. तो हिच्या मागे लागला. त्यातलं सगळं मी लिहीत नाही, तुला कळतं. त्याच्यापासून वाचायला तिने सॉयर नावाच्या गोऱ्या वकिलाचा आडोसा घेतला. त्याच्यापासून दोन मुलं झाली, जोसेफ आणि लुईझा. बाप स्वतंत्र, पुढे अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेलेला. मुलं मात्र नॉरकॉमच्या ताब्यात. कारण व्हर्जिनियात १६६२ सालीच कायदा झाला होता, आणि पुढे दक्षिणेत सगळीकडे तोच चालला: मूल आईच्या दर्जाचं. एरवी सगळं बापाकडून, फक्त गुलामी तेवढी आईकडून. मालकानेच बाईवर हात टाकला, तर वर त्याचीच मालमत्ता वाढायची.

(आपणही किती सहज म्हणतो गं, "मी काय तुझी बटीक आहे?" पेशवाईत बटकी आणि कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, किमतीसकट कागदावर यायच्या.)

मुलं असली की बाई पळत नाही, हे मालकांना पक्कं ठाऊक. मुलं हीच तिची दावण. १८३५ साली नॉरकॉमने मुलांनाही मळ्यावर आणून जुंपायचं ठरवलं, तेव्हा हॅरिएटने उलटा हिशोब मांडला. मीच नाहीशी झाले तर मुलं म्हणजे त्याला नसती ब्याद. तो विकून टाकील, आणि त्यांचा बाप विकत घेईल. झालंही तसंच, पण सरळ नाही. त्याने पेपरात १०० डॉलरचं बक्षीस लावलं, दोन्ही लेकरांना तुरुंगात डांबलं, आणि शेवटी एका व्यापाऱ्याला विकलं. त्या व्यापाऱ्याला सॉयरनेच पुढे केलं होतं, हे त्याला मागाहून कळलं. सॉयरने मुलांना मुक्त केलं म्हणशील, तर तेही नाही. शब्द दिला होता, एवढंच.

आणि ती कुठे होती? आधी थोडे दिवस इतरांकडे लपून, मग आजीच्याच घरी. घराला लागून एक छपरी होती, तिच्या पोटमाळ्यावर. ९ फूट लांब, ७ फूट रुंद, आणि जास्तीत जास्त उंची ३ फूट. काल आमच्या स्वयंपाकघराचा माळा रिकामा केला आणि टेप लावली. आमचा माळा लांबी-रुंदीला बराच लहान, पण उंची जवळजवळ तेवढीच. वर चढून बसले. मान वाकडी करून दहा मिनिटं काढली, मग मुलगा ओरडला म्हणून उतरले. ती तिथे जवळपास सात वर्षं होती. अंगावरून उंदीर, उन्हाळ्यात छप्पर तापून काहिली, बारीक लाल किड्यांनी अंगाची आग, थंडीत पाय आणि खांदे हिमाने चावलेले. कधीतरी तिथेच एक गिरमिट हाताला लागलं. त्याने भिंतीला भोकं पाडून ती रस्त्यावर खेळणारी आपली मुलं बघायची. ख्रिसमसला त्यांच्यासाठी कपडे आणि खेळणी शिवली तीही तिथेच, मिणमिणत्या उजेडात. एवढंच नाही, तिथून पत्रं लिहून ती न्यूयॉर्कहून टाकायला लावायची. नॉरकॉमला वाटायचं ती उत्तरेत आहे, आणि ती असायची त्याच्याच गावात. हे वाचताना मी एकटीच हसले.

तुझ्या मनातली आई मुलांना कवटाळून पळणारी. तशीही होती एक, मार्गारेट गार्नर. जानेवारी १८५६, गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीहून सिनसिनाटीला पोचली. पकडायला आले तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला, परत जाऊ नये म्हणून. कोर्टात वाद कशावर, तर तिला खुनी म्हणून उभं करायचं की माल म्हणून परत पाठवायचं. पाठवली परत. यावर मला काही लिहिता येत नाही.

हॅरिएट १८४२ साली जहाजाने फिलाडेल्फियाला निसटली. मुलंही यथावकाश तिला मिळाली. पण १८५० च्या कायद्याने उत्तरेत पळून आलेल्यांना धरून नेणं आणखी सोपं झालं. अखेर १८५२ साली ती जिच्याकडे मुलं सांभाळत होती, त्या बाईने पैसे भरून तिला सोडवलं. किती? ३०० डॉलर. हिला उपकार कळत होते, पण स्वतंत्र म्हणवणाऱ्या न्यूयॉर्कमध्ये आपली विक्रीची पावती निघाली, हे काही तिला गिळवलं नाही.

एक सांगायचं राहिलं. निघायच्या आधी तिने जोसेफला बोलावून घेतलं. तेव्हा कळलं, पोराला केव्हापासूनच संशय होता. एकदा त्याने वरून खोकला ऐकला होता. तेव्हापासून तो इतर मुलांना काहीबाही सांगून घराच्या त्या बाजूपासून लांब न्यायचा, आणि आजीलासुद्धा एक अक्षर बोलला नव्हता.

माळ्यावरची भांडी अजून ओट्यावर पडलीत. फोन कर.

तुझी,
नीला