साडेतीन मिलिमीटरची नळी

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

लेकीला पाचवा महिना लागला. काल तिनं माझी मिशी ओढली. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मीटर ८१ दाखवतं. शंटवरच्या, म्हणजे फुफ्फुसाला रक्त नेणारी छोटी नळी बसवलेल्या लेकराला तेवढंच चांगलं, असं तुम्ही सांगितलंय म्हणून रात्री डोळा लागतो.

ती जन्मली तेव्हा ऑक्टोबर छाटणी चालू होती. दुसऱ्या दिवशी ओठ निळे पडले, तर एका डॉक्टरांनी ‘थंडीनं होतं, गुंडाळून ठेवा’ म्हणून घरी धाडलं. दुसऱ्यांनी पोरीकडे बघितलंसुद्धा नाही. फाइल चाळली आणि म्हणाले, ‘तरुण आहात, दुसरं होईल.’ बायको शेजारीच उभी होती. हे मी विसरणार नाही.

मग नाशिकला तुमच्याकडे आलो. तुम्ही आधी विचारलंत, ‘काय करता?’ म्हटलं, निफाडकडं द्राक्षबाग आहे. ‘मग तुम्हाला लगेच समजेल,’ म्हणालात. हृदयातून फुफ्फुसाकडं जाणारा व्हॉल्व्ह जन्मापासून बंद. आईच्या पोटात असतानाची जुनी रक्ताची नळी तेवढं रक्त पुरवतेय, तीही मिटत चाललीय. म्हणून ती उघडी ठेवायला पंपातून प्रोस्टाग्लँडिन हे औषध थेंबथेंब. त्या नळीत स्टेंट घालावा, तर ती फार वाकडी. तेव्हा हाताकडे जाणाऱ्या रक्ताच्या मेनलाइनवरून लॅटरल, म्हणजे बारीक नळीचा फाटा काढून फुफ्फुसाला जोडायची. मोठी टाकली तर फुफ्फुसं तुंबतात, बारीक टाकली तर पुरत नाही. आणि हा कायमचा इलाज नाही, वेळ मिळवण्यापुरता आहे, हेही लपवलं नाहीत.

रात्री ऑपरेशन करून बाहेर आलात आणि माझ्या तळहातावर नळीचा उरलेला तुकडा ठेवलात. ‘एवढीच आहे.’ साडेतीन मिलिमीटर! तीन दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. नळी तुंबू नये म्हणून रोज ॲस्पिरिन, हेही आता कुणी समजवायला लागत नाही. ड्रिपर चोकअप होऊ नये म्हणून आम्ही ॲसिड सोडतोच की.

या ऑपरेशनचं मूळ रूप पहिल्यांदा १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोरला झालं. सर्जनच्या मागे उभं राहून टाके सांगणारे व्हिव्हियन थॉमस डॉक्टर नव्हतेच, आधी सुतारकाम करायचे, हे तुम्हीच सांगितलंत. त्यांचं नाव ऑपरेशनला फार उशिरा लागलं म्हणे. तुमच्या सिस्टरांची, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नावं मलाही कुठं माहीत आहेत? त्यांना हे पत्र वाचून दाखवा.

तुकडा आईनं देव्हाऱ्यात ठेवलाय. मला पाकिटात हवा होता.

आता ग्लेन या पुढच्या ऑपरेशनची वेळ आली. त्यात नळी नाही, वरची मोठी शीर थेट फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडणार म्हणालात. तेही आधी मला बागेच्या भाषेत सांगा.

आपला,
एका लेकीचा बाप