मोगऱ्याच्या कळीसाठी आभार

दादरच्या फुलबाजारातल्या त्या मावशींचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

भाचीचं लग्न चैत्रात, गोरज मुहूर्तावर. हारवाल्याने आदल्या रात्री हात वर केले. पहाटे साडेचारला मी आणि धाकटे दीर बाजारात हजर, हातात दोन रिकाम्या पिशव्या आणि डोक्यात काहीच नाही. टपोरा उमललेला मोगरा दिसला, मी लगेच दोन किलो सांगून मोकळी. पलीकडच्या टोपलीमागून मावशी ओरडल्या, "अगं, लग्न संध्याकाळचं ना? ही दुपारीच माना टाकतील. घट्ट कळी घे, पांढरीशुभ्र. हिरवट नको, ती उमलायचीच नाही."

त्यांच्याकडे फक्त झेंडू होता. तरी उठून दुसऱ्या गाळ्यावर घेऊन गेल्या, मूठभर कळ्या हातावर पसरून निवडायला शिकवलं. शेवंतीचा माझा हट्टही मोडला, "तिचे दिवस थंडीतले." कळ्या ओल्या फडक्यात, वरून केळीचं पान. (झेंडूच्या भावात मात्र एक रुपया सोडला नाही!)

पुलावर ओझं उचलून देऊन, पैसे न घेताच गर्दीत शिरलेल्या दादांचे आभार. लेडीज डब्यात ठाण्यापर्यंत माझी पिशवी मांडीवर सांभाळणाऱ्या ताईंचेही.

दुपारी घरच्या बायकांनी हार ओवले. अंतरपाट दूर झाला तेव्हा कळ्या नुकत्या उघडत होत्या.