‘माझी नोंद’ची पाने गेली, लिहिण्याची सवय तरी लावू या

महोदय,

मुलांना वेगळ्या वह्या न्याव्या लागू नयेत म्हणून पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ या शीर्षकाची कोरी पाने जोडण्याचा २०२३-२४ मध्ये सुरू झालेला प्रयोग शासनाने २०२५-२६ पासून थांबवला. त्या पानांमुळे दप्तराचे ओझे कमी झाले की नाही, याची चर्चा पुष्कळ झाली. पण त्या पानांवर मुलांनी काय लिहिले, हे फारसे कोणी विचारले नाही.

निफाड तालुक्यात मराठी शिकवत असताना मी ती पाने पाहत असे. बहुतेकांवर शब्दार्थ आणि फळ्यावरची प्रश्नोत्तरे असत. यात मुलांचा दोष नाही. ती दिवसभर लिहितात, पण ते सगळे उतरवून काढणे असते; स्वतःचे वाक्य जुळवण्याची वेळ येते ती थेट परीक्षेत. दहावीच्या मराठी कुमारभारतीत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला (पत्र, बातमी, निबंध वगैरे) आहेत आणि त्यासाठी गाइडमधले नमुने पाठ केले जातात.

सहावीतल्या एका मुलीच्या पुस्तकात मात्र पाठाशी संबंध नसलेल्या ओळी सापडल्या : ‘आज चाळीतला कांदा निवडला. वरून चांगला दिसतो पण बोट लावलं की आत जातं. आई वासावरून सडका ओळखते. मला नाही येत.’ शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्यांवर मी लाल शाई फिरवली असती, तर तिने पुढे लिहिलेच नसते, असे मला आजही वाटते. मी समासात एवढेच विचारले, ‘वास कसा असतो?’ दुसऱ्या दिवशी तिने अर्धे पान लिहून आणले.

त्यानंतर मी मराठीच्या तासाची पहिली १० मिनिटे अशा नोंदीसाठी ठेवली. वर्गात ४० मुले होती. रोज आठ वह्या वाचल्या की आठवड्यात सगळ्यांच्या वाचून होत. प्रत्येकाला एकच सूचना, आणि शनिवारी आठवड्यातली आवडती नोंद कच्च्या वहीतून पक्क्या वहीत नव्याने लिहायची. चुका बऱ्याचशा तिथेच सुटत, कारण आपलेच वाक्य दुसऱ्यांदा लिहिताना मुले ते मोठ्याने वाचून पाहत, एकमेकांना विचारत, आणि खोडायला घाबरत नसत.

कोरी पाने गेली त्याचे मला दुःख नाही. मात्र ही १० मिनिटे वेळापत्रकात नोंदवावीत आणि त्यासाठी लागणाऱ्या एका वहीचा खर्च शाळेच्या सादिल (किरकोळ खर्चासाठीच्या) अनुदानातून करण्यास मुभा द्यावी, अशी शालेय शिक्षण विभागाला विनंती आहे.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, निफाड