यंत्राला निपाणीची फुफ्फुसं दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुफ्फुसातली गाठ कॅन्सरची की साधी, हे आता संगणक ओळखणार, असा मजकूर आपल्या अंकात वाचला. आईच्या सीटी स्कॅनमध्ये 8 मिलिमीटरची गाठ निघाल्यापासून असलं काही दिसलं की मी दोनदा वाचतो.

आईची हयात विड्या वळण्यात गेली. निपाणीत याहून जास्त सांगावं लागत नाही. रिपोर्ट इंग्रजीत, सहीचा कागद कन्नडमध्ये, आणि आई मला विचारतेय, "गाठ हाय म्हंजे नेमकं काय हाय रं?"

डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. पूर्वी टीबी झाला होता का? झाला होता, मी लहान असताना. जुना स्कॅन आहे का? चौदा महिन्यांपूर्वीचा होता, पण सेंटरवर मूळ इमेज शिल्लक नव्हत्या. शेवटी पत्र्याच्या ट्रंकेतून साड्यांखालची फिल्म निघाली. तीत तीच गाठ, तेवढीच. भरीव गाठ दोन वर्षं वाढली नाही तर ती सहसा निरुपद्रवी धरतात. आईची चौदा महिने तरी वाढली नव्हती, म्हणून सुई टोचून तुकडा काढायचं तूर्त टळलं.

माझा यंत्राला विरोध नाही. अमेरिकेतल्या ज्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2011 साली आले, तीत कमी किरणांच्या सीटीमुळे धूम्रपान करणाऱ्यांतले फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. पण तिथेच संशयास्पद ठरलेल्या शंभरातल्या 96 निकालांत कॅन्सर नव्हताच. हा कोंडा पाखडायला यंत्र हवंच.

प्रश्न ते शिकलं कुठे हा आहे. डीप लर्निंग या संगणकाला शिकवायच्या पद्धतीत कुणी नियम लिहून देत नाही. स्कॅन दाखवत राहायचे, त्यातून ते स्वतः खुणा उचलतं. यासाठी जगभर वापरला जाणारा एलआयडीसी हा संग्रह अमेरिकेतला, 1,018 स्कॅनचा. प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टनी पाहिला. 3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ म्हणून निदान एकाने तरी खूण केलेल्या 2,669 जागा निघाल्या. चौघांचं एकमत झालं फक्त 928 वर! शिवाय कॅन्सरची शक्यता एक ते पाच अशा अंदाजी गुणांत नोंदवलेली. बहुतेक गाठींचा तुकडा तपासल्याचा निकाल सोबत नाही. गुरुजींचंच जमत नाही, तर शिष्याने काय करावं?

आपल्याकडे टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेल्या गाठी घराघरात सापडतील. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीत काम करणाऱ्यांना सिलिकोसिसचा, म्हणजे त्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा धोका, आणि त्यातही फुफ्फुसात बारीक गाठी होतात. अमेरिकेतल्या छातीवर शिकलेलं यंत्र यांना काय म्हणेल, हे इथे तपासल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून बेळगाव, मिरज, कोल्हापूरच्या रुग्णालयांना विनंती. आमचे रुग्ण तिन्हीकडे जातात, त्यामुळे एकाच माणसाचे स्कॅन दोन राज्यांत पडलेले असतात. नाव-गाव काढून ते एकत्र करा, प्रत्येक गाठीचं शेवटी काय निघालं ते सोबत नोंदवा आणि यंत्र बसवण्याआधी त्यांवर तपासा. किती जुन्या टीबीवाल्यांना त्याने कॅन्सर ठरवलं, तो आकडा लोकांना सांगा.

दुसरं साधं आहे. फिल्मसोबत मूळ इमेजची सीडी न मागता द्या. संगणकाला ट्रंकेतली फिल्म धड वाचता येत नाही. आईचा पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे. तोवर कुणी देत नसेल तर मी मागून घेणार आहे.

आपला,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)