पत्त्यांची वही माझ्याकडे आहे

नांदेड, १३ डिसेंबर

प्रिय आई आणि पप्पा,

सलाम.

पप्पा, आधी चष्मा लावा आणि आईला शेजारी बसवून घ्या. नाहीतर पहिली चार वाक्यं वाचून तुम्ही पत्र घडी करून खिशात घालाल आणि ती दिवसभर विचारत बसेल, काय लिहिलंय बेबीनं म्हणून.

तुमची पत्त्यांची वही हरवलेली नाही. माझ्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत आलो होतो तेव्हा कपाटाच्या खालच्या खणातून मीच काढली आणि रबरासकट बंटीच्या स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत घातली. आई, तू फोनवर दोनदा म्हणालीस की पप्पा सगळं घर उलटंपालटं करायलेत, आणि मी दोन्ही वेळा "सापडेल गं" म्हणाले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण वहीसुद्धा परत पाठवली नाही.

आता राहिलेलंही सांगून टाकते. या वर्षीची नाताळाची कार्डं आम्ही केली. चिऊ, बंटी आणि मी. सगळीच्या सगळी. काल ४८ पाकिटं पोस्टात टाकूनही झाली. त्यामुळं आता विचारायचं काही राहिलं नाही, तुमचं रागवायचं तेवढं राहिलंय. ते मी २४ तारखेला आल्यावर ऐकून घेईन, जेवण झाल्यावर.

मी असं का केलं, तर मागच्या वर्षीची पाकिटं मला सापडली होती, पप्पा. वहीच्या खालीच होती, पेपरात गुंडाळलेली. तिकिटं लावलेली, काहींवर नाव आहे आणि गाव नाही. मी मोजली नाहीत. होती तशी ठेवून दिली. "यंदा पोस्टाचा काही भरवसा नाही, कुणाचं उत्तरच आलं नाही," असं तुम्ही जानेवारीत म्हणाला होता, तेव्हा मी पोस्टाला चांगल्या चार शिव्या दिल्या होत्या. त्या आता मनातल्या मनात परत घेतल्यात.

यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी मला सांगितलंय की या कंपवाताच्या आजारात नुसता हात थरथरत नाही, अक्षरही बारीक होत जातं. आपण नेहमीसारखंच लिहितोय असं लिहिणाऱ्याला वाटतं आणि ओळ पुढं जाईल तसं ते आखडत जातं. वहीत ते दिसतं. किल्लारीच्या वर्षी लिहिलेले औशाचे दोन पत्ते कसे ठसठशीत आहेत, फळ्यावर लिहिल्यासारखे. आणि शेवटच्या पानावर "मु. पो. अंबाजोगाई" एवढं मोठं, पुढचं "जि. बीड" म्हणजे मुंग्यांची रांग. हे तुमच्या आळसानं नाही, वयानं नाही, आणि आई म्हणते तसं "मन लागत नाही" म्हणूनही नाही. आई, तू हे त्यांना म्हणत जाऊ नको.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, एक छान फोटो कर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाक सगळ्यांना, दोन मिनिटांचं काम. त्याचंही बरोबर असेल. पण वहीतल्या निम्म्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅप बघून द्यायला नातू लागतो. आणि तुम्ही विकतच्या कार्डालासुद्धा "दुकानदाराचा सलाम" म्हणायचात, तिथं फॉरवर्ड मला पाठवता आला नसता.

तुम्हाला इतिहास लागतो म्हणून एक सांगते. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल नावाच्या माणसाकडं उत्तरं द्यायची पत्रं इतकी साठली की हातानं लिहिणं त्याला झेपेना. मग त्यानं हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, १००० प्रती छापल्या, वापरून उरलेल्या एका शिलिंगला एक अशा विकल्या. नाताळाचं पहिलं छापील कार्ड ते. म्हणजे लिहायला न जमणाऱ्यानंच ही पद्धत काढली, तुम्ही कशाला लाजता? त्या चित्रात एका चिमुरडीच्या ओठाला वाइनचा पेला लावलाय, त्यावरून तेव्हा बरीच बोंबही झाली होती. आपल्या कमिटीनं तर पाळकसाहेबांना त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं असतं. आणि १८४३ तर तुमचं लाडकं साल. नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा त्याच वर्षीचा. त्यांनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती गावाची गोष्ट तुम्ही नेहमी तिथूनच सुरू करता.

आता कार्डं कशी झाली ते ऐका.

पहिल्या रविवारी नुसता पसारा झाला. मी हौसेनं चमकीच्या डब्या आणल्या होत्या. ती चमकी दुसऱ्या दिवशी कणकेत निघाली, बंटीच्या भुवयांवर निघाली, तुमच्या जावयाच्या ऑफिसच्या शर्टावर निघाली. चमकी बंद केली. मग तुमचा बटाटा आठवला. अर्धा कापायचा, सुरीनं चांदणी कोरायची, रंगात बुडवायची. पण आमची चांदणी कागदावर नुसती घसरत होती, माशासारखी. आईला फोन केला तेव्हा "बटाट्याचं पाणी फडक्यानं टिपलंस का?" एवढंच ती म्हणाली आणि काम झालं. आई, तुला तेव्हा वाटलं असेल मी भाजी करतेय. चिऊला शिक्क्यात "ना" हे अक्षर हवं होतं. कोरलं आणि उमटलं ते उलटं. तिला आरशात धरून दाखवलं, तर ती तासभर घरातलं सगळं आरशापुढं नेऊन वाचत बसली. कार्डं राहिली बाजूला.

बंटी अजून चार वर्षांचा आहे, त्याला कात्री वळवता येत नाही, सरळच कापतो. म्हणून त्याला टूथब्रश दिला. निळ्या कागदावर पांढरा रंग, ब्रश कंगव्यावर घासायचा, की बारीक बारीक चांदण्या उडतात. आकाश त्याचं, तारा चिऊचा. तारा ठेवताना तिनं १७ कार्डांवर शेपटी वरच्या बाजूला काढली. मी म्हटलं, अगं, शेपटी खाली, बेथलेहेमकडं. तर म्हणाली, "तो दाखवून झाल्यावर घरी चाललाय." मी ती १७ तशीच पाठवली. परभणीच्या मास्तरांना त्यातलंच एक गेलंय, त्यांना आवडेल.

बर्फ काढायचा की नाही यावर भांडण झालं. आपल्याकडं कुठं पडतो बर्फ, असं मी म्हटलं आणि मग मलाच आठवलं, आई ड्यूटीवरून येताना दवाखान्याचा कापूस खिशातून आणायची आणि आपण तो गोठ्याच्या छपरावर चिकटवायचो. कोंडाळं करून बसलेले असायचो आपण सतरंजीवर, तुम्ही पितळी पट्टीनं घड्या घालून द्यायचात आणि मी तुमच्या धोतराच्या सोग्याला डिंक पुसायचे. तुम्ही काही बोलायचा नाहीत. आई बोलायची. तर आमच्या कामवाल्या मावशींनी त्यांच्या शेतातला कापूस आणून दिला. चार-पाच कार्डांच्या बर्फात सरकी राहून गेलीय. तेवढं चालवून घ्या.

ज्वारी आणि तूरडाळ चिकटवून केलेली कार्डं सगळ्यात सुंदर झाली, पण स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली तर २२ ग्रॅम. साधं कार्ड पाकिटासकट १३ भरतं. ५ रुपयांच्या तिकिटात २० ग्रॅमपर्यंतच जातं, आणि शिवाय पोस्टात शिक्का आपटला की डाळीचा चुराच. म्हणून दाण्यांची ११ कार्डं जालन्यातल्या जालन्यात हातानं द्यायची ठेवलीत. ती मी घेऊन येतेय. कॅरलच्या रात्री पोरं देतील घरोघरी. बाकी ४८ पोस्टानं, २४० रुपये झाले. हे पैसे तुम्ही मला देऊ करणार, मला माहीत आहे, आणि मी घेणार नाही.

वहीचं काम मात्र कार्डांपेक्षा अवघड गेलं.

७४ नावं आहेत. त्यातल्या २१ नावांपुढं तुम्ही पेन्सिलीनं बारीक क्रूस काढलाय. पहिल्यांदा मी ती सरळ वगळली आणि ५३ ची यादी केली. मग रात्री परत बघताना दिसलं की सहा क्रुसांपुढं तुम्ही "घरी पाठवणे" असं लिहून ठेवलंय. कुणाची बायको आहे, कुणाची सून. अंबाजोगाईचे कंपाउंडर काका गेले हे मला ठाऊकच नव्हतं. कधी गेले? तुम्ही सांगितलं नाहीत. की सांगितलं होतं आणि मी ऑफिसातून "हं, हं" करत ऐकलं? त्या सहा घरीही कार्डं गेली. एकूण ५९.

तुमची सही मी केली नाही, तेवढी भीड ठेवली. आत चिऊनं "आजोबांकडून" लिहिलंय. तुम्ही पूर्ण वचन लिहायचात, तिनं नुसतं "लूक २:१४" लिहिलं, तेही ३० कार्डांनंतर रडत. मग उरलेली मी लिहिली. ज्यांना वाचायचं ते पवित्र शास्त्र उघडतील, नाही का.

आम्ही २४ ला तपोवनने येतोय. दर वर्षी २० लाच येतो, यंदा माझी रजा मंजूर झाली नाही, मी दोनदा मागितली. आई, त्या चार दिवसांत तू एकटीनं काही करत बसू नको. करंज्या मी आल्यावर लाटू. चिवडा विकत आण, चर्चमध्ये कुणाला कळत नाही. सारण तेवढं करून ठेव, कारण ते तुझ्यासारखं मला होत नाही. गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय ओट्यापुढं उभी राहू नको, आणि तुझी शुगरची तपासणी डिसेंबरात आहे, "नाताळ झाल्यावर" नाही.

पप्पा, तुम्ही. गोळी जेवणाआधी अर्धा तास, घड्याळ बघून, आणि दुधाबरोबर नाही. चांदणी टांगायला स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या पोरालाही "जरा धर रे, मी चढतो" असं सांगायचं नाही, ते पोर मला फोन करतं. कामट्या, कागद, वायर, सगळं काढून ओसरीत ठेवा, रात्री जावई चढतील. न्हाणीघरात ओल्या फरशीवर पाय टाकायच्या आधी कडी धरा. सकाळी थंडीत फिरायला जाताना कानटोपी. बॉक्समध्ये दोघांचे लोकरीचे मोजे घातलेत, तळव्याला रबर आहे, घसरत नाहीत. रंग आवडला नाही तरी घाला. रात्री गरम पाण्याची पिशवी आईच्या गुडघ्याला, त्यावरून भांडू नका, मी दुसरी पण पाठवलीय.

तुमची वही मी बॉक्समध्ये घातलेली नाही. ती माझ्या हातातून तुमच्या हातात देणार आहे. एक-दोन पत्ते मी शाईनं पुन्हा लिहिलेत, जिथं वाचता येत नव्हतं तिथंच. तुमचं काही खोडलेलं नाही.

आणखी एक. ए-फोर कागदाचे दोन भाग केले की दोन कार्डं होतात. ३० कागदांची ६० झाली, पत्ते ५९. साठावं बॉक्समध्ये सगळ्यात वर ठेवलंय, कोरं आहे. चिऊच्या शाळेत दुरेघी वही असते, तशा तिनं आत रेघा मारल्यात, बोटभर रुंद, कारण डॉक्टर म्हणाले की रेघांच्या मध्ये मोठं मोठं लिहायचं ठरवलं तर अक्षर आखडत नाही. सवड असेल तेव्हा लिहा, एका दिवशी एकच ओळ लिहिली तरी चालेल. कुणाला द्यायचं ते तुम्हाला माहीत आहे, पण दर वर्षीसारखं पोळ्यांच्या डब्यात ठेवू नका, तुपाचा डाग पडतो.

आई, हा परिच्छेद तू वाचलास तर वाचला नाही असं दाखव.

तुमचीच,
बेबी

ता. क. बॉक्समधलं बंटीचं कार्ड चिकटून बसलंय, फेव्हिकॉल त्यानंच ओतला. ओढून फाडू नका. आत काय आहे ते तो आल्यावर सांगणार आहे.