अव्या, तुला आधी कळलं होतं

कंपू, लष्कर, ग्वाल्हेर
12 ऑक्टोबर 2025

प्रिय अव्या,

ओंकारच्या फौजेच्या बेताचं तुला सगळं ठाऊक होतं आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस. परवा ओंकारशी बोलताना त्याच्या तोंडून निसटलं, "अव्याकाका म्हणाले, आधी दोन किलोमीटर पळायचा टाइम सुधार, मग बाबांना सांग." म्हणजे गणपतीत तू आमच्याकडे बसून मोदकांवर मोदक हाणत होतास, तेव्हा हे तुझ्या पोटात होतं. आणि वर मलाच विचारलंस, "काय रे, पोराच्या नोकरीचं कुठवर आलं?" धन्य आहेस. अलाहाबादला फौजेच्या निवड मंडळाने तुला उगाच रेकमेंड केलं नव्हतं.

इकडे तब्येती ठीक. माझी शुगर आहे तिथेच आहे. आईचे गुडघे दुखतात, कान मात्र तिला हवे तेव्हा तिखट होतात. असो.

फोनच केला असता, पण आमच्याकडे फोनवर खाजगी बोलायची सोय उरलेली नाही. मी गच्चीवर गेलो की नीता वाळलेले कपडे काढायला वर येते. रात्री नऊलासुद्धा. म्हणून कागद काढला. माझं अक्षर लागत नाही ही तुझी जुनी तक्रार आहे, चष्मा बदल.

तू त्याच्याकडून ऐकलंस, आता माझ्याकडून ऐक. तिकडे इंग्लंडात त्याचा प्रबंध देऊन झाला. विद्यार्थी व्हिसा जानेवारीत संपतो. पुढे दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, पण तो संपायच्या आत कुणीतरी स्पॉन्सर करायला हवं, आणि त्यासाठी जुलैपासून पगार 41,700 पौंड हवा. नवशिक्यांना थोडी सवलत आहे म्हणे. पण स्पॉन्सर हा शब्द काढला की कंपन्या मेलचं उत्तरसुद्धा देत नाहीत. इकडे लोनचा हप्ता लवकरच सुरू होणार. अशात चिरंजीव सांगतात, "बाबा, मी ब्रिटिश आर्मीत अर्ज करतोय."

मी हसलो. म्हटलं, अरे, तुझा पासपोर्ट भारताचा आहे, तुला कोण घेणार? तर म्हणे तोच चालतो. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, आणि कॉमनवेल्थच्या नागरिकाला त्यांच्या लष्करात जाता येतं. पूर्वी आधी पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागायचं, ती अट 2018 साली काढली आणि वर्षाला 1350 जागा ठेवल्या. मी रात्री बसून सगळं वाचून काढलं. पोरगं खोटं बोलत नव्हतं. साडेपस्तीस वर्षांपर्यंत शिपाई म्हणून घेतात. चार वर्षं नोकरी झाली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो, आणि सहा वर्षं केलीस तर त्याची फीसुद्धा माफ, 2022 पासून. ह्याला जायचंय रेमेत, म्हणजे रणगाडे नि गाड्या दुरुस्त करणारी त्यांची कोअर. मेकॅनिकल इंजिनियर, मास्टर्स झालेला, आणि भरती होणार पान्हा घेऊन शिपाई म्हणून. वर मला म्हणतो, "बाबा, ट्रेड मस्त आहे."

नीताला सांगितलं ती माझी शामत. नेमकी त्याच आठवड्यात गुजरातच्या त्या मुलाची बातमी आली, शिकायला रशियात गेला आणि त्यांच्या वर्दीत युक्रेनच्या हाती सापडला. तिच्या लेखी परदेशी फौज म्हणजे तेच. एजंट, कागदावर सही, थेट खंदक. जानेवारीत आपल्या परराष्ट्र खात्यानेच सांगितलं होतं की 126 जण तिकडच्या फौजेत गेले आणि त्यातले 12 मेले, ते तिला तोंडपाठ आहे. मी समजावलं, बाई, इथे एजंट नाही, मेडिकल आहे, परीक्षा आहे, शपथ आहे, चार वर्षांनी रीतसर बाहेर पडता येतं. हळूहळू शांत होत होती. तेवढ्यात मी मूर्खासारखं बोलून गेलो की त्यांच्या तुकड्या 2017 पासून एस्टोनियातही असतात. तिने नकाशा काढला. एस्टोनियाच्या शेजारी कोण आहे ते बघितलं. त्या रात्री स्वयंपाक झाला नाही, बेडई आणून खाल्ली.

आता आईचं ऐक, तुझी ती लाडकी. मला वाटलं होतं, निदान ही तरी माझ्या बाजूने उभी राहील. आपल्या दोघांना बोटाला धरून फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीवर नेणारी बाई! मी तिला मुद्दाम चढवून सांगितलं, "आई, तुझा नातू इंग्रजांच्या राजाची शपथ घेणार." तिने काय विचारलं असेल? "पेन्शन आहे का?" मी म्हटलं, आहे. तर म्हणते, "मग? माझे बाबा ग्वाल्हेर लान्सर्समधून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले ते कुणासाठी? ह्याच राजाच्या आजोबासाठी ना?" हिशेब अगदी बरोबर आहे. सहावा जॉर्ज हा चार्ल्सच्या आईचा बाप. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईशी वंशावळीवरून वाद घालू नये.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही, तूही सांगू नकोस. कोटा की सरायला 17 जून 1858 ला राणीवर तुटून पडलेली ती आठवी हुसार्स. तुला तर पाठच आहे. ती पलटण इतर पलटणींत विलीन होत होत आज क्वीन्स रॉयल हुसार्स ह्या नावाने शिल्लक आहे, आणि रणगाड्यांवर असते. आणि रणगाडा रेजिमेंटला दुरुस्तीसाठी माणसं कुठून जोडतात? रेमेतून. म्हणजे आमचे चिरंजीव उद्या नेमके त्यांच्याच इंजिनाचं तेल बदलत असतील! हे कळल्यावर मी एकटाच हसत बसलो होतो. मग हसू ओसरलं.

तर आता मूळ मुद्दा, ज्यासाठी तुझी आठवण झाली. आपलं चाळीस वर्षांचं भांडण. छत्रीच्या पायऱ्यांवर सुरू झालेलं, तुझ्या लग्नात मांडवात उभं राहून चाललेलं, तेव्हा तुझ्या सासऱ्यांना वाटलं आपण हुंड्यावरून भांडतोय. द बॉयन. मी म्हणायचो, पाटीलबाबांनी, म्हणजे महादजी शिंद्यांनी, द बॉयनला ठेवला म्हणून पाटण आणि मेडता जिंकता आलं. माणूस सव्हॉयचा, आधी फ्रान्सची नोकरी केली, मग रशियाची, तुर्कांच्या कैदेत पडला, मग मद्रासला कंपनीकडे, आणि शेवटी महादजींकडे. ओंकारच्या सीव्हीपेक्षा लांब सीव्ही. पण इमान राखून चाकरी केली, पैसा कमावला आणि घरी परत गेला, आणि शांबेरीत आज हत्तींचं कारंजं आहे त्याच्या नावचं. आणि तू म्हणायचास, पम्या, भाड्याने आणलेला माणूस पगार असेतो तुझा. 1803 आलं, वेलस्लीने जाहीरनामा काढला, आणि शिंद्यांकडचे इंग्रज अधिकारी नोकरी सोडून तिकडे गेले. अलीगडच्या किल्ल्यात शिरायची वाट दाखवली ती आपल्याच पगारावरच्या ल्यूकनने. आणि द बॉयनच्या जागी आलेला पेराँ कंपनीच्या आश्रयाला गेल्यावर लासवारीला साहेबांशिवाय उभे राहून मेले ते आपले पुरबिये शिपाई.

ल्यूकन हा तुझा हुकमी पत्ता. माझा पत्ता स्किनर. कंपनीकडे गेला, पण अट घातली की जुन्या धन्यावर, शिंद्यांवर, मला पाठवायचं नाही. मी दर वेळी म्हणायचो, बघ, परक्याचं मीठ खाल्लेला माणूससुद्धा त्या मिठाला जागतो. तू म्हणायचास, स्किनर एक, ल्यूकन बाकी सगळे.

आता माझी गंमत बघ. आयुष्यभर मी परमुलखात जाऊन चाकरी करणाऱ्याची वकिली केली, आणि माझाच पोरगा द बॉयन व्हायला निघाला तेव्हा माझ्या तोंडी तुझे मुद्दे आले. "उद्या त्यांचं नि आपलं वाकडं आलं तर?" मी त्याला विचारलं. तो हसला, "बाबा, इंग्लंड आणि भारताची लढाई? कुठल्या शतकात आहात?" आणि तू, जन्मभर ल्यूकन ल्यूकन करणारा, त्याला टाइम सुधारायला सांगतोस! आधी ह्याचं उत्तर दे.

तशी मला त्यात तत्त्वाची अडचण नाही. आपल्याच फौजेच्या फॉर्मवर छापलेलं असायचं, भारताचा नागरिक किंवा नेपाळचा प्रजाजन. तुझ्या ग्रुपमध्ये तो पोखऱ्याचा मुलगा होता, भिंत ओलांडताना तूच त्याला खांदा दिलास. तो आपल्या फौजेत आलेला चालतो, मग आपला तिकडे गेलेला का चालू नये? वाद संपला.

पण एक कायद्याची गोष्ट सापडली, ती घशात अडकली आहे. उद्या त्याने तिकडचा पासपोर्ट घेतला तर आपलं नागरिकत्व जातं, हे सगळ्यांनाच लागू आहे, आत्याच्या विनयलाही लागू झालं. पण विनयला ओसीआय, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयाला व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, मिळालं, तो हवा तेव्हा येतो, गजक खातो, जातो. परदेशी लष्करात असलेल्याला किंवा निवृत्त झालेल्यालासुद्धा ओसीआय देत नाहीत. म्हणजे साठीला आलेला ओंकार आपल्या कंपूतल्या घरी यायचा तर रांगेत उभा राहून व्हिसा काढणार. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, पासपोर्ट नाही घेणार, भारतीयच राहीन. आज म्हणतोय. तिथे बायको, पोरं झाल्यावर कोण थांबतं?

आणि ह्याच्याही खाली जे आहे ते फक्त तुलाच लिहू शकतो. मला कळत नाही की ह्याला फौज हवी आहे की व्हिसा.

तुला फौज हवी होती. मी बघितलंय ना. अलाहाबादला शेवटच्या कॉन्फरन्सनंतर नंबर पुकारले, तुझा आला, माझा नाही, मी घरी येऊन दोन दिवसांत बँकेच्या परीक्षेचं पुस्तक आणलं. तू मेडिकलला अडकलास. गुडघे टेकतात, घोट्यांमधलं अंतर जास्त. मग अपील केलंस आणि पूर्ण उन्हाळा दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी धरून, घोटे पंचाने आवळून झोपलास. काकूंना वाटायचं कुणी करणी केली. पहाटे घोड्यावर बसायला मिळावं म्हणून मुरारच्या त्या रिसालदाराच्या तबेल्यात लीद उचललीस. अपिलातही बाहेर. आणि 2022 मध्ये तमिळनाडूचा तो मुलगा, उंचीमुळे आपल्याकडे न घेतलेला, खारकिवला एरोस्पेस शिकायला गेलेला, युक्रेनकडून बंदूक घेऊन उभा राहिला, तेव्हा तू मला रात्री उशिरा फोन करून म्हणालास, "पम्या, हा मी आहे." मी तुला झोप म्हटलं होतं. तू बराच वेळ फोन ठेवला नव्हतास.

ओंकारमध्ये मला ते दिसत नाही. एनसीसीत होता, ठीक आहे, परेडपेक्षा समोशांसाठी जास्त. वरून मिराज गेलं की मान वर करतो, पण ती ग्वाल्हेरचा प्रत्येक पोर करतो. चार वर्षं, वर्दी, हुकूम, कदाचित एस्टोनियाची थंडी, हे सगळं फक्त तिथे राहायला मिळावं म्हणून? तसं असेल तर मी त्याला म्हणेन, परत ये, पीथमपूरला नोकरी बघ, लोन मी फेडतो. पण तसं नसेल, आणि मी त्याला परत बोलावलं, तर?

मी विचारलं तर तो मला आवडेल ते उत्तर देईल. लहानपणापासूनची सवय आहे. तुला देणार नाही. रविवारी तो तुला फोन करणार आहे, हेही त्यानेच सांगितलं. तेव्हा आडून आडून नको, सरळ विचार: उद्या स्पॉन्सर करणारी कंपनी मिळाली, तर अर्ज मागे घेशील? लगेच हो म्हणाला तर त्याला माझ्याकडे पाठव. गप्प राहिला, अडखळला, तर नीताचं मी बघतो, त्याच्या दोन किलोमीटरचं तू बघ. माझं नाव मात्र घेऊ नकोस. आणि टाइम किती झालाय तेही विचारून ठेव, मला सांगत नाही.

तुझं काय? माधवीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? सईच्या लग्नाची तारीख पक्की झाली की लगेच कळव, रिझर्वेशन आत्ताच काढावं लागेल. नाशिकच्या फ्लॅटचा ताबा मिळाला असेल तर दिवाळी तिथेच असेल ना? फराळ पाठवतोय, चकल्या आईच्या हातच्या आहेत, मोडल्या तर कुरिअरवाल्याला बोल, मला नाही.

तुझा,
पम्या

ता. क. उत्तर बँकेच्या पत्त्यावर पाठव. घरचं टपाल नीता आधी उघडते.